हिशेबाची वही आणि पापनिवेदनाची जाळी

मार्चअखेर जवळ आली, की धर्मग्रामाच्या कार्यालयात उपवासकाळाच्या जोडीने आणखी एक काळ सुरू होतो. पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती गोळा करायच्या, बँकेचे पासबुक भरून आणायचे, वीजबिलांची चळत तारखेवार लावायची आणि हे सारे बाड लेखापरीक्षकाच्या हवाली करायचे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांची निम्मी हयात गेली, अशी दोन-तीन माणसे या कामात आम्हांस मदत करतात. त्यांपैकी एक गृहस्थ एका कारखान्यात तयार मालाची अंतिम तपासणी करतात. त्यांनी एकदा बेरजा करता करता मध्येच थांबून विचारले, "फादर, माणसं पैसे देवाला देतात. मग त्याचा हिशेब सरकारला कशाला?"

प्रश्न साधा होता, पण त्याला एका वाक्यात उत्तर देणे आम्हांला जमले नाही. आणि तशी घाई करण्याचे कारणही नव्हते. कारण ख्रिस्तसभेच्या कारभारावर शासनाचा डोळा ही गोष्ट आपल्या मुलखाला धर्मादाय आयुक्तांमुळे प्रथम कळली, असे मुळीच नाही. ती इथे चारशे-साडेचारशे वर्षे नांदते आहे. फक्त डोळा कधी राजाचा होता, कधी कंपनी सरकारचा.

पुण्याला सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकत असताना पाद्रुआदोचे प्रकरण आले, की आम्हां विद्यार्थ्यांना जांभया येत. तारखा, तह, पुन्हा तह! आता पन्नाशी उलटल्यावर तेच प्रकरण आम्हांला सर्वांत जवळचे वाटते. पोपमहाशयांनी पोर्तुगालच्या राजाला दिलेला आश्रयाधिकार म्हणजे पाद्रुआदो. राजाने धर्मप्रसाराचा भार उचलावा, चर्चेस बांधावीत, धर्मगुरूंच्या चरितार्थाची सोय करावी आणि त्या बदल्यात बिशपपदासाठी नाव सुचवण्याचा हक्क राजाला असावा, असा हा व्यवहार होता. वसईपासून गोव्यापर्यंतची आपली कितीतरी जुनी चर्चेस या व्यवस्थेत उभी राहिली. ते ऋण आम्ही नाकारीत नाही. पण ज्याने थैली सोडली त्याच्या कमरेला किल्ल्याही लटकू लागल्या. लिस्बनमधले वारे फिरले, १८३४ साली तिथल्या उदारमतवादी सरकारने धर्मसंघ बरखास्त केले आणि पुढच्याच वर्षी गोव्यातले मठ रिकामे झाले. जुन्या गोव्यात ऑगस्टिनियन मठाचा जो एकाकी मनोरा आज पर्यटक मान वर करून पाहतात, त्या मठाची पडझड तेव्हापासूनची आहे. परक्याने तोफ डागली म्हणून तो मठ पडला नाही. ज्या सत्तेने सांभाळायचे, तिनेच वसतिकरूंना बाहेर काढले.

मुंबईची कथा याहून चमत्कारिक आहे. १६६१ च्या विवाह-तहाने मुंबई इंग्रजांकडे जायची ठरली आणि १६६५ मध्ये ती प्रत्यक्ष त्यांच्या ताब्यात आली. इथल्या कॅथलिकांना आपला धर्म पाळण्याची मुभा राहील, असे तहातच होते. ती मुभा राहिलीही. परंतु धर्म पाळायचा तो कोणत्या बिशपांच्या अधिकाराखाली, हा प्रश्न लवकरच सरकारदरबारी गेला. गोव्याच्या आर्चबिशपांच्या हाताखालचे धर्मगुरू म्हणजे पोर्तुगालच्या राजाची माणसे, असा संशय कंपनीच्या अधिकाऱ्यांना होता. १७२० साली गव्हर्नर चार्ल्स बून यांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना घालवून दिले आणि बेटावरच्या कॅथलिकांची धुरा व्हिकार अपोस्तोलिक असलेल्या कार्मेलाईट धर्मगुरूंकडे सोपवली. म्हणजे कॅथलिक लोकांनी कोणाच्या हाताखाली पापनिवेदन करावे, हे एका प्रॉटेस्टंट गव्हर्नराने ठरवले. १७८९ मध्ये कंपनीने तीच धुरा पुन्हा गोव्याकडे दिली. त्यावरही ओरड झाली, तेव्हा १७९४ मध्ये सरळ वाटणीच करण्यात आली. मुंबईतल्या चार प्रमुख चर्चेसपैकी दोन गोव्याच्या आर्चबिशपांकडे गेली आणि दोन व्हिकार अपोस्तोलिकांकडे. भावाभावांनी वाड्याच्या मधोमध भिंत घालावी, तशी ही दुहेरी सत्ता पुढे एकशे चौतीस वर्षे चालली.

या भिंतीपायी काय काय घडले, ते सांगायला लाज वाटते. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चमधले लोक गोव्याच्या बाजूला जाऊ लागले, तेव्हा बिशप हार्टमान स्वतः चर्चमध्ये दारे लावून बसले. बाहेर विरुद्ध पक्षाचा वेढा पडला. बिशप आत आणि प्रजाजन बाहेर! अखेर मॅजिस्ट्रेटला मध्ये पडून दार उघडावे लागले आणि चर्च गोव्याच्या पक्षाकडे गेले. हार्टमान हे थोर आणि तपस्वी बिशप होते, हे सर्वमान्य आहे. म्हणूनच हा प्रसंग आम्हांला अधिक बोचतो. शासनाने घरात पाऊल टाकले, असे आपण म्हणतो. पण ते पाऊल टाकण्यासाठी दाराशी बोलावणे कोणी धाडले होते, हेही पाहावे.

१९२८ च्या करारान्वये दुहेरी सत्ता संपली, परंतु मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावा, असे ठरले. भारताच्या माणसाचे नाव त्या पाळीत कुठेच नव्हते. आर्चबिशप लीमा आणि त्यांच्यानंतर आर्चबिशप रॉबर्ट्स हे त्या पाळीचे. स्वतंत्र भारतात ही रीत टिकणे शक्य नव्हते. १८ जुलै १९५० रोजी पोर्तुगालने व्हॅटिकनशी करार करून भारतीय प्रदेशातल्या बिशपपदांवरचे आपले हक्क सोडले आणि त्याच वर्षअखेरीस व्हॅलेरियन ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.

आता योगायोग पाहा. ज्या १९५० साली लिस्बनचा डोळा मिटला, त्याच १९५० साली मुंबई राज्याच्या विधिमंडळाने सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम संमत केला. धर्मादाय आयुक्त हे पद त्या कायद्यातले. पुढे कायद्याच्या नावातील 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आले, पण सांगाडा तोच आहे. मंदिर, मठ, चर्च, सिनेगॉग, अग्यारी या सर्वांची गणना त्यात आहे. न्यासाची नोंदणी करावी, दरसाल हिशेब तपासून घ्यावेत, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा, जमीन विकायची झाल्यास आधी परवानगी घ्यावी, असा त्याचा सर्वसाधारण क्रम. या कायद्याला बिशपांच्या निवडीशी कर्तव्य नाही, मिस्सा कोणत्या भाषेत व्हावी याच्याशी नाही, की प्रवचनाशीही नाही. तो वही मागतो.

वहीपाशी न थांबणारा डोळा कसा असतो, हे पाहायचे तर रशियाकडे वळावे लागेल. पीटर द ग्रेट या बादशहाने १७२२ साली दोन पदे जवळजवळ एकदमच निर्माण केली. राज्यकारभार पाहणाऱ्या सेनेटवर प्रोक्युरेटर-जनरल आणि ख्रिस्तसभेच्या कारभारावर ओबर-प्रोक्युरेटर. दोघेही बादशहाचे डोळे म्हणून बसायचे. त्याआधी १७०० मध्ये तिथले पॅट्रिआर्क एड्रियन वारले, तेव्हा पीटरने त्यांच्या गादीवर कोणाला बसूच दिले नाही. एकवीस वर्षांनी त्या जागी धर्मगुरूंची एक समिती नेमली. तीच होली सिनोड. तिच्यावर पाहरेकरी म्हणून जो पहिला ओबर-प्रोक्युरेटर आला, तो इव्हान बोल्तिन हा सैन्यातला कर्नल होता.

सेनेटवर नेमलेला यागुझिन्स्की मात्र रसाळ माणूस असावा. त्याची एक गोष्ट सांगतात. दोरखंडाच्या किमतीइतकीही चोरी करील त्याला त्याच दोरखंडाने फाशी द्यावे, असे फर्मान काढायला पीटर निघाला. यागुझिन्स्की म्हणाला, महाराज, प्रजेवाचून बादशाही करायची आहे काय? चोरी आम्ही सगळेच करतो, फरक कमीजास्तीचा. गोष्ट खरी असो वा नसो, तिच्या आगेमागे घडलेली एक घटना खरी आहे. पीटरने प्रोक्युरेटर नेमण्यापूर्वी 'फिस्कल' नावाचे हेर-अधिकारी नेमले होते. त्यांचा मुख्य नेस्तेरोव्ह याने सायबेरियाच्या गव्हर्नरची लाचखोरी उघडकीस आणली आणि १७२१ मध्ये तो गव्हर्नर फासावर गेला. दुसऱ्याच वर्षी खुद्द नेस्तेरोव्हला लाचखोरीबद्दल देहदंड झाला.

हे आम्ही आमच्या त्या तपासनीस मित्राला सांगितले, तेव्हा त्यांना मुळीच नवल वाटले नाही. ते म्हणाले, "आमच्याकडे गेजसुद्धा ठराविक मुदतीनं बाहेर तपासायला जातो, फादर. माप घेणाऱ्याचंच माप चुकलं, तर सगळा माल वाया." मग क्षणभर थांबून म्हणाले, "आणि गेज ज्याचा माल त्याच्याच हातात दिला, तर माप नेहमी बरोबरच येतं!" त्यांच्या मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यांनीच असे देऊन टाकले.

पण रशियात प्रश्न वहीचा उरला नव्हता. १७२२ सालीच तिथल्या धर्मगुरूंना हुकूम झाला, की कोणी पापनिवेदनात राजद्रोहाचा बेत सांगितला आणि तो सोडून देण्याची तयारी दाखवली नाही, तर ते सरकारला कळवावे. आम्ही तीस वर्षांच्या आसपास त्या जाळीपलीकडे बसत आलो आहोत. जाळीच्या त्या बाजूला जे बोलले जाते, ते आमचे नसते. उठताना आमच्याबरोबर काहीही येता कामा नये. कानून ९८३ तेच सांगतो. ती मुद्रा मोडणाऱ्या धर्मगुरूला ख्रिस्तसभा बहिष्कृत करते. बादशहाच्या त्या हुकमाने रशियातल्या खेडोपाडीच्या धर्मगुरूला एका रात्रीत सरकारी बातमीदार केले. किती जणांनी कळवले, हा मुद्दा नाही. जाळीपुढे गुडघे टेकणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात जी शंका शिरली, ती पुढे कोणत्या फर्मानाने काढून टाकता आली असती?

एकदा दार उघडल्यावर मग काहीच बाहेर राहिले नाही. १७६४ मध्ये महाराणी कॅथरीनने मठांच्या जमिनी सरकारजमा केल्या. रोस्तोवचे महाधर्माध्यक्ष आर्सेनी यांनी विरोध केला, तेव्हा त्यांचे पद काढून घेण्यात आले आणि पुढे संन्यासही. 'आंद्रेई खोटारडा' असे नाव देऊन त्यांना रेव्हालच्या किल्ल्यात कोंडले. १७७२ साली ते तिथेच वारले. २००० साली रशियन ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. पुढच्या शतकात हुसार घोडदळाचा अधिकारी असलेला प्रोतासोव्ह १८३६ ते १८५५ अशी एकोणीस वर्षे सिनोडवर बसला होता. त्याच्यानंतरचा पोबेदोनोस्त्सेव्ह हा कायदेपंडित, स्वतः भाविक. तो १८८० पासून १९०५ पर्यंत होता. भाविक पाहरेकरी आला म्हणून घर मोकळे झाले, असे मात्र घडले नाही. १९१७ मध्ये झारशाही गेली, ओबर-प्रोक्युरेटरचे पद गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात चिठ्ठी टाकून तिखोन यांची पॅट्रिआर्क म्हणून निवड झाली. दोनशे सतरा वर्षांनी गादी भरली, तीही कोणत्या मुहूर्तावर! बाहेर रस्त्यावर क्रांती चालू होती. १९४३ मध्ये स्टालिनने ख्रिस्तसभेसाठी पुन्हा एक देखरेख-समिती काढली, तेव्हा तिच्या प्रमुखपदी त्याने गुप्त पोलिसांतला अधिकारी आणून बसवला.

आपल्या मराठी मुलखातही कारभारावर पहारा होता, पण त्याची घडण निराळी. पेशवाईत मामलेदार परगण्याचा धनी असे. तरी दिवाण, मुजुमदार, फडणीस, चिटणीस असे दरकदार त्याच्याजवळ हुजुरातून नेमलेले असत. मामलेदाराला त्यांना काढता येत नसे आणि त्यांच्या सहीशिक्क्यावाचून हिशेब पुरा होत नसे. पुढे उतरत्या काळात मामले लिलावाने देऊ लागले, तेव्हा हे दरकदार नावापुरते उरले आणि रयतेने काय भोगले ते सर्वश्रुत आहे. देखरेख ढिली पडली की प्रथम भरडला जातो तो गरीबच. शासनाची देखरेख म्हणजे मुळातच पाप, असे मानणाऱ्या आमच्या काही बंधूंनी एवढे ध्यानात घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

आणि पहारेकऱ्याने धन्याकडेही पाहावे, याचे उदाहरण तर आमच्या शेजारचे म्हणता येईल. अंबडहून फार दूर नसलेल्या आनंदवल्लीला राघोबादादांचा वाडा होता. गावाचे नावच आनंदीबाईंवरून पडले, असे म्हणतात. १७७३ च्या ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी गादीवर बसलेल्या राघोबादादांनाच दोषी ठरवले. याला देहांताखेरीज प्रायश्चित्त नाही, असे तोंडावर सांगून ते पुणे सोडून निघून गेले. रामशास्त्र्यांना ज्याने नेमले, त्या सत्तेविरुद्ध ते बोलू शकले. पीटरच्या डोळ्याला बादशहाकडे वळून पाहण्याची सोयच नव्हती.

धर्मादाय आयुक्तांचा डोळा कुठे थांबावा, हे आपल्याकडे न्यायालयाने लवकरच ठरवून दिले, हे आपले भाग्य. नवा कायदा आल्यावर एका जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त न्यायालयात गेले. १८ मार्च १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. धार्मिक न्यासाच्या मालमत्तेच्या व्यवस्थेवर कायद्याने नियंत्रण ठेवण्यास हरकत नाही, वर्गणीही घेता येईल. परंतु खुद्द आयुक्तांनाच धार्मिक न्यासाचे विश्वस्त म्हणून नेमण्याची तरतूद रद्द ठरली. धर्मासाठी दिलेला पैसा लोकहिताच्या नावाखाली भलत्या कामाकडे वळवण्याची वाटही न्यायालयाने बंद केली. तपासणारा तपासणाराच राहील, घरधनी होणार नाही, एवढा याचा अर्थ. जैन आणि पारशी बांधवांनी लढलेल्या या दाव्याचा लाभ आपल्या प्रत्येक धर्मग्रामाला मिळतो आहे. आपल्यापैकी किती जणांना ते ठाऊक आहे? देखरेखीऐवजी सरकार स्वतःच कारभार हाती घेते, असेही काही ठिकाणी झाले. पंढरपूरच्या मंदिरांसाठी १९७३ चा स्वतंत्र कायदा आहे आणि बडवे-उत्पातांचा त्यावरचा वाद २०१४ साली सर्वोच्च न्यायालयात संपला. तिथे वारकऱ्यांच्या तक्रारी जुन्या होत्या, हेही खरे. घरधन्याने घर नीट ठेवले नाही, तर बाहेरच्याला बोलावणे आपोआप जाते.

वहीच्या बाबतीत म्हणून आमची काही तक्रार नाही. जाळीच्या बाबतीत मात्र आम्ही जागे असतो. वकील आणि अशील यांच्यातील बोलण्याला आपल्या पुरावा-कायद्यात संरक्षण आहे. पापनिवेदनाला नाव घेऊन दिलेले तसे संरक्षण १८७२ च्या कायद्यात नव्हते आणि २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आलेले नाही. २०१८ मध्ये राष्ट्रीय महिला आयोगाने तर पापनिवेदनाची प्रथाच बंद करावी, अशी शिफारस केली होती. केरळमधल्या एका गंभीर तक्रारीवरून ती आली. आपल्या लोकांनी निषेध केला तो योग्यच होता. पण निषेधाच्या घोषणांत ती तक्रार करणारी स्त्री कोणाला आठवली नाही, याचे आम्हांला वाईट वाटले. जाळीच्या आत कळले ते आमच्याबरोबर मातीत जाईल. जाळीच्या बाहेर, शाळेत, वसतिगृहात, कार्यालयात एखाद्या लेकरावर अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, धर्मगुरूवरही. त्या ठिकाणी पापनिवेदनाच्या मुद्रेची ढाल पुढे करणारा धर्मगुरू मुद्रेचाच अपमान करतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये धर्मगुरूंना व धर्मभगिनींना अशी गोष्ट वरिष्ठांना कळवण्याचे बंधन घातले, ते याच जाणिवेने.

वही उघडी ठेवणाऱ्यालाच जाळी बंद ठेवण्याचा हक्क ठामपणे सांगता येतो, असे आम्हांला वाटते. जो पैशाचा हिशेब लपवतो, त्याने पवित्र गुपिताची गोष्ट केली की ऐकणारा हसतो. आणि हिशेब दाखवायचा तो काही केवळ आयुक्तांच्या कार्यालयाला नव्हे. ख्रिस्तसभेचा कानून १२८७ सांगतो, की श्रद्धावंतांनी जे दान दिले, त्याचा हिशेब श्रद्धावंतांनाच द्यावा. कानून ५३७ प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे. हे नियम १९८३ पासून आहेत आणि दिल्ली-मुंबईच्या कोणत्याही सरकारने ते आपल्यावर लादलेले नाहीत. तरीही कित्येक धर्मग्रामांत लेखापरीक्षकाला दिसणारा ताळेबंद रविवारी मिस्सेला येणाऱ्या माणसाला दिसत नाही. कंपनीत आठ-दहा तास उभे राहून मिळालेल्या पगारातून जो दर महिन्याला पाकीट टाकतो, त्याच्या आधी सरकारला हिशेब कळावा, हे आम्हांला उलटे वाटते.

आमच्याकडे जून महिन्यातल्या एका रविवारी मिस्सेनंतर हिशेब वाचून दाखवतात व महिनाभर फलकावर लावून ठेवतात. गेल्या वर्षी वाचन संपल्यावर मागच्या बाकावरून एक आजीबाई उठल्या. उरलेल्या मेणबत्त्यांचे मेण दरसाल विकले जाते, त्याचे पैसे यात कुठे दिसत नाहीत, असे त्या म्हणाल्या. काही तरुण हसले. अर्थसमितीचे चिटणीस वही घेऊन त्यांच्या बाकापाशी गेले आणि 'किरकोळ जमा' या सदराखालचा आकडा त्यांना बोट ठेवून दाखवला. चष्मा घरी राहिल्यामुळे त्यांनी तो नातीकडून दोनदा वाचून घेतला आणि मग त्या खाली बसल्या.